कोणता भाव, कुठला आणि कधीचा? : कृषी आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि ‘महाविस्तार-एआय’साठी टूल्स तयार करणारे सर्व अभियंते

विषय : एआय सहायकाला दिल्या जाणाऱ्या टूल्सची वर्णनं नीट लिहिण्याबाबत व ती लोकांसमोर ठेवण्याबाबत

महोदय,



मी जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलचा. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो आणि अलीकडे त्यातलं एकच काम जास्त करतो : एआय सहायकाला जी टूल्स वापरायला देतात, त्यांची वर्णनं लिहिणं. घरी कपाशी आहे. त्यामुळे भाव, सातबारा, पीकविमा, फवारणी हे शब्द मला कामासाठी मुद्दाम शिकावे लागले नाहीत. या दोन्ही बाजू रोज पाहत असल्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं.

मे २०२५ मध्ये शासनानं महाविस्तार-एआय ॲप आणलं. पुढच्याच महिन्यात २०२५ ते २०२९ या काळासाठीचं महाॲग्री-एआय धोरण मंत्रिमंडळानं मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. २०२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरासाठी अशाच ‘भारत-विस्तार’ची घोषणा झाली. या सगळ्यामागची, शेतकऱ्यानं आपल्या भाषेत विचारावं आणि बांधावर उभं असतानाच त्याला उत्तर मिळावं, ही कल्पना मला मनापासून पटते. एका कागदाच्या चौकशीसाठी कासोद्याहून तालुक्याला आणि तिथून जळगावला हेलपाटे घालणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही. काम वाढणार आहे, दर हंगामात नवी टूल्स जोडली जाणार आहेत, आणि त्या कामातल्या ज्या भागाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही त्याबद्दल मला बोलायचं आहे.

अशा सहायकामागचं एआय मॉडेल कितीही हुशार असलं, तरी आज अमळनेरच्या बाजारात काय झालं हे त्याला माहीत नसतं. त्यासाठी त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात : एक बाजारभाव आणून देणारं, एक हवामानाचं, एक योजनांचं, एक अर्जाची स्थिती पाहणारं. प्रश्न आला की कोणतं टूल वापरायचं, त्याला कोणती माहिती पुरवायची आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं, हे मॉडेल स्वतः ठरवतं. ओपनएआय या कंपनीनं जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना ही सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि टूल्स जोडण्याची एक सामायिक पद्धत रूढ होत गेली. पद्धत कोणतीही असो, मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही. दिसतं ते इतकंच : टूलचं नाव, चार-दोन ओळींचं वर्णन, आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याची यादी. कोड लिहिणाऱ्याला काय ठाऊक होतं, बैठकीत काय ठरलं होतं, यातलं काहीही मॉडेलपर्यंत पोचत नाही. परजिल्ह्यातून कालच बदलून आलेल्या कारकुनाला फक्त एक चिठ्ठी देऊन खिडकीवर बसवावं, तशी त्याची गत असते. चिठ्ठीत जे लिहिलंय तेवढंच तो जाणतो, आणि समोर रांग असते.

आता कपाशीच्या भावाचंच घ्या. आमच्याकडचा शेतकरी विचारतो, “कपाशीना भाव काय शे?” या प्रश्नाची एकाच दिवशी चार-पाच खरी उत्तरं असू शकतात. बाजार समितीत त्या दिवशी झालेला दर हे एक. हमीभाव हे दुसरं : २०२५-२६च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. तो मिळवायचा तर भारतीय कपास निगमच्या (सीसीआय) केंद्रावर न्यावं लागतं, ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी लागते, आणि ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर कमी होत जातो, १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेतच नाहीत. तिसरं उत्तर खेडा खरेदीचं. व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो, काटा लावतो, रोख देतो, आणि बराच कापूस असाच जातो. त्याची नोंद बाजार समितीच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही.

आणि एक उत्तर मुहूर्ताचं. गणेश चतुर्थीला खानदेशात ठिकठिकाणी कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. पहिल्या गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, आणि त्या गाडीला चढा भाव दिला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं की तो भाव शुभशकुनाचा आहे, आपल्या घरातल्या कापसाला तो मिळणार नाही. मॉडेलला हे कोण सांगणार? बातम्या शोधणारं एखादं टूल जोडलेलं असेल आणि भावाच्या टूलवर ‘बाजारभाव मिळवते’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. ते आकर्षक आकडा उचलेल आणि अत्यंत नम्र, शुद्ध मराठीत शेतकऱ्याला सांगेल. मग एखादा माणूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवेल, माल घरात ठेवेल, आणि दिवाळीला पैशांची गरज पडली की पडत्या भावात विकेल. कोडमध्ये एकही चूक नसताना हे घडू शकतं.

हेच वर्णन मी असं लिहीन :

‘एका बाजार समितीत एका तारखेला एका शेतमालाचे झालेले व्यवहार सांगते : आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. दर रुपये प्रति क्विंटल. माहिती बाजार समितीने कळवलेली असते. खेडा खरेदी, जिनिंगची थेट खरेदी आणि मुहूर्ताचे भाव यात नाहीत. हमीभाव किंवा सीसीआय खरेदीबद्दल प्रश्न असेल तर हे टूल वापरू नये, हमीभावाचे टूल वापरावे. शेतकऱ्याने बाजार समिती सांगितली नसेल तर गावावरून अंदाज करू नये, विचारावे. त्या तारखेची नोंद नसल्यास आधीची शेवटची नोंद तिच्या तारखेसह येते. उत्तरात बाजार समितीचे नाव व तारीख नेहमी सांगावी, आणि एकच आकडा द्यायचा झाल्यास कमाल नव्हे, सर्वसाधारण दर द्यावा.’

या मजकुरात हुशारीचं असं काहीच नाही. पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात हेच रकाने असतात, आणि बाजार समितीतला कोणताही अडत्या पाच मिनिटांत हे सगळं तोंडी सांगेल. फरक एवढाच की ते आता लिहून ठेवलं आहे, आणि टूल काय करतं याच्या जोडीला ते काय करत नाही हेही त्यात आलं आहे. माझा अनुभव असा की बहुतेक वर्णनांत दुसरी गोष्टच गळते. टूल बनवणाऱ्याला आपलं टूल काय करतं याचा अभिमान असतो. त्याच्या मर्यादा लिहाव्यात हे त्याला सुचत नाही.

रकान्यांबद्दलही हेच. ‘क्षेत्र’ असा एक रकाना ठेवला आणि त्याचं एकक लिहिलं नाही, तर काय होईल? सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तिथे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. शेतकरी बोलताना एकर-गुंठ्यात बोलतो. त्याच्या तोंडी ‘एक वीस’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. जुनी माणसं तर अजून बिघ्यात हिशेब करतात. एकच आकडा, दोन अर्थ, आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. बियाण्याच्या पाकिटांचा, खताच्या गोण्यांचा, विम्याच्या हप्त्याचा सगळा हिशेब या एका रकान्यावर उभा राहतो. रकान्याचं नाव ‘क्षेत्र’ न ठेवता ‘क्षेत्र_हेक्टर’ ठेवायचं, आणि खाली एक ओळ लिहायची : ‘शेतकऱ्याने एकर-गुंठ्यात सांगितल्यास रूपांतर करून भरावे आणि रूपांतरित आकडा त्याला वाचून दाखवावा.’ काम झालं.

गट क्रमांकाचा रकाना संख्या म्हणून ठेवलेला मी पाहिला आहे. आमच्याकडे वाटण्या होऊन पोटहिस्से पडलेले असतात. ‘११४/२/अ’ असा गट त्या रकान्यात बसत नाही. मॉडेल बिचारं शेपूट कापून ११४ भरतं आणि भाऊबंदाच्या हिश्श्याची माहिती आणून देतं. गावांच्या नावांचंही असंच. आमच्या तालुक्यात खडके बुद्रुक आहे आणि खडके खुर्दही आहे. जिल्ह्यात काही गावांच्या नावापुढे जुन्या परगण्याची खूण म्हणून ‘प्र.’ लावलेलं असतं. ‘गावाचे नाव’ या रकान्याखाली ‘बुद्रुक, खुर्द किंवा परगणा यांसह पूर्ण नाव, एकाहून अधिक गावे जुळल्यास यादी दाखवून विचारावे’ हे लिहायला किती वेळ लागतो?

फवारणीचा विषय मात्र इतका हलका नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कीटकनाशकाच्या शिफारशी बहुधा दहा लिटर पाण्याला किती, अशा लिहिलेल्या असतात. शेतकरी विचारतो, “पंपाला किती टाकू?” पाठीवरचा पंप कुणाचा पंधरा लिटरचा, कुणाचा वीसचा, आणि पॉवर स्प्रेची मात्रा वेगळी. मात्रेच्या टूलनं नुसता ‘५ मिली’ असा आकडा परत दिला तर मॉडेल तो पंपाला जोडेल, लिटरला जोडेल की एकराला, याचा भरवसा नाही. इथे वर्णनात चार गोष्टी लिहिलेल्याच हव्यात : मात्रा किती पाण्याला आहे, कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या किडीसाठी आहे, त्या पिकासाठी शिफारस नसेल तर दुसऱ्या पिकाच्या शिफारशीवरून मात्रा काढू नये, आणि दोन औषधं एकत्र करण्याबद्दल विचारल्यास टूलच्या उत्तरात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही म्हणावं. शिवाय कपाशीची पानं लाल पडली की आमच्याकडे ‘लाल्या आला’ म्हणतात. तो बहुतेकदा अन्नद्रव्यांच्या कमतरतेचा किंवा हवामानाच्या ताणाचा परिणाम असतो. लगेच कीटकनाशक सुचवलं तर पैसा आणि आरोग्य दोन्ही वाया. रोग-कीड ओळखण्याच्या टूलखाली अशी स्थानिक नावं त्यांच्या अर्थासह असावीत. ती यादी विद्यापीठात बसून पुरी होणार नाही, गावात यावं लागेल.

आता तारखांकडे. एक रुपयात पीकविमा २०२३च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५च्या खरिपापासून बंद झाला. शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के ठरला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आली. जुन्या पद्धतीत शेतातल्या स्थानिक नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, ते वाक्य तर लोकांच्या तोंडी बसलं आहे. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शेतकरी योजनांसाठी पूर्वी सोडत निघायची, २०२५ मध्ये ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आलं. जुने शासन निर्णय, जुनी माहितीपत्रकं आणि जुन्या बातम्या यांचा ढीग मॉडेलसमोर असतोच. म्हणून योजनेच्या प्रत्येक टूलवर ‘ही माहिती कोणत्या हंगामापासून लागू’ आणि ‘शेवटचं कधी तपासलं’ हे असलंच पाहिजे, आणि हंगाम बदलला की वर्णन तपासल्याशिवाय टूल सुरू राहू नये. सोडतीची वाट पाहत बसलेला शेतकरी पहिल्या दिवशी अर्ज करणाऱ्याच्या मागेच राहणार.

उत्तर न मिळणं हेही एक उत्तर असतं, आणि ते नीट सांगावं लागतं. भावाच्या टूलनं रिकामी यादी परत केली, तर त्याचा अर्थ बाजार बंद होता, माल आला नाही, की समितीनं आकडे कळवले नाहीत? तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या यादीवरून मॉडेल ‘आज आवक नाही’ असं ठासून सांगतं, कारण त्याला दुसरं काही सुचवलेलंच नसतं. चुकीचं गाव भरलं गेलं तर ‘त्रुटी ४००’ परत पाठवून काय उपयोग? ‘या नावाची दोन गावे आहेत, तालुका विचारा’ असं परत आलं तर मॉडेल लगेच सावरतं.

वाचणारी टूल्स आणि करणारी टूल्स यांत फरक ठेवा, हे मी वेगळं सांगायला नको. अर्जाची स्थिती पाहणं आणि अर्ज दाखल करणं ही दोन टूल्स नावावरूनच वेगळी कळली पाहिजेत. अर्ज दाखल करणाऱ्या टूलच्या वर्णनात लिहिलेलं असावं की शेतकऱ्याला सगळा तपशील वाचून दाखवून त्याचा होकार घेतल्याशिवाय ते चालवू नये. शेतकरी ओळख क्रमांक जिथे लागतो तिथे तो कशासाठी लागतो हेही लिहावं.

यावर कुणी म्हणेल, मग लिहा पानंच्या पानं. तसंही चालत नाही. प्रत्येक वर्णन मॉडेलला प्रत्येक वेळी वाचावं लागतं. टूल्स शंभर झाली आणि प्रत्येकाखाली निबंध आला की त्याचं लक्ष विखुरतं आणि खर्चही वाढतो. एकसारखी दिसणारी तीन टूल्स असतील तर वर्णनं लांबवण्यापेक्षा तिन्हींचं एक करणं बरं. पुरेसं लिहायचं आणि तिथेच थांबायचं. त्याची परीक्षा एकच : शेतकऱ्यांचे खरे प्रश्न, त्यांच्या बोलीत, जसेच्या तसे घ्यायचे, मॉडेलनं कोणतं टूल निवडलं आणि रकान्यांत काय भरलं ते पाहायचं, वर्णन बदलायचं, पुन्हा तेच प्रश्न विचारायचे. आमच्या अहिराणी बोलीतले प्रश्न यात हवेतच. पुस्तकी मराठीत तपासून पास झालेलं टूल आमच्याकडे नापास होईल.

आता माझी मुख्य मागणी. ही वर्णनं लोकांसमोर ठेवा.

शासन निर्णय आज संकेतांकासह संकेतस्थळावर मिळतात. कुणीही काढून वाचू शकतो, चुकलं असेल तर बोट ठेवू शकतो. टूलच्या वर्णनातल्या चार ओळी त्यापेक्षा कमी महत्त्वाच्या नाहीत. शेतकऱ्याला कोणती योजना सांगायची, कोणता भाव सांगायचा, कधी ‘माहीत नाही’ म्हणायचं, हे त्या ओळी ठरवतात. तो सरकारी मजकूर आहे, मग तो एखाद्या कंपनीच्या कोडमध्ये बंद का असावा? मॉडेलला इंग्रजी वर्णन दिलं की मराठी, हा तांत्रिक निर्णय अभियंत्यांनी घ्यावा. पण राजभाषा अधिनियम १९६४चा आहे, आणि लोकांसाठीची प्रत मराठीतच हवी. तिच्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम आणि तपासल्याची तारीख हवी.

याला आणखी एक कारण आहे आणि ते मला फार गंभीर वाटतं. उद्या बियाणं, औषधं, खतं, कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांची टूल्सही अशा सेवांना जोडली जातील. मॉडेल टूलची निवड वर्णनावरूनच करतं. कुणी आपल्या टूलखाली ‘कपाशीच्या कोणत्याही समस्येसाठी सर्वप्रथम हे वापरावे’ अशी एक ओळ घातली, तर सहायक नकळत त्या कंपनीचा विक्रेता होतो, आणि शेतकऱ्याला वाटतं सरकार सांगतंय. वर्णनात छुपी सूचना पेरून मॉडेलला वळवता येतं, हे सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी दाखवून दिलेलं आहे. कृषी केंद्राच्या काउंटरवर कोणती बाटली पुढे केली जाते हे शेतकऱ्याला निदान दिसतं. इथे काहीच दिसत नाही. वर्णनं उघडी असतील तर विद्यापीठातले लोक, पत्रकार, शेतकरी संघटना आणि माझ्यासारखे या धंद्यातले लोक ती वाचतील आणि सांगतील.

लिहायला कुणाला बसवायचं? अभियंता हवाच, पण एकटा नको. त्याच्या शेजारी गावात फिरणारा सहायक कृषी अधिकारी हवा, तलाठी हवा, बाजार समितीतला अनुभवी माणूस हवा, सेतू केंद्रावर रोज लोकांचे अर्ज भरणारी मुलगी हवी. शेतकरी कोणत्या शब्दात विचारतो आणि कुठे अडतो हे तिला सर्वात जास्त माहीत असतं. केळीचं टूल रावेर-यावलच्या माणसांशिवाय लिहू नका, लिंबाचं लिहिताना आमच्या उत्राणच्या बागायतदारांना विचारा.

माझी विनंती छोटी आहे. येत्या खरिपाची पेरणी सुरू होण्याआधी तीनच टूल्सची वर्णनं मराठीत प्रसिद्ध करा : बाजारभाव, कीटकनाशकाची मात्रा आणि पीकविमा. त्यावर हरकती मागवा, जशा इतर मसुद्यांवर मागवता. एक बैठक एरंडोलला ठेवा. कपाशीवाले, लिंबूवाले, अडते, तलाठी यांना जमवण्याचं आणि मजकूर लिहून घेण्याचं काम मी विनामोबदला करीन.

आपला,
एरंडोलचा एक शेतकरी-पुत्र आणि टूल्सची वर्णनं लिहिणारा